राजा, हुकूमशहा आणि निनावी मजूर : आँरी क्रिस्तॉफच्या वारशाची मीमांसा

१

८ ऑक्टोबर १८२० रोजी हैतीच्या उत्तर भागातील साँ-सूसी राजवाड्यात आँरी क्रिस्तॉफ या राजाने स्वतःवर गोळी झाडून घेतली. ऑगस्टच्या मध्यावर लिमोनाद येथील चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना त्याला पक्षाघाताचा झटका आला होता. शरीर लुळे पडलेल्या या राजाविरुद्ध साँ-मार्क येथील सैन्याने बंड पुकारले आणि पाहता पाहता राजधानीतील सेनानीही त्या बंडात सामील झाले. मृत्यूनंतर त्याचे प्रेत डोंगरावरील किल्ल्यात नेऊन घाईघाईने पुरण्यात आले. काही दिवसांतच त्याचा तरुण वारस मारला गेला. त्याच्या राजवटीचे तात्त्विक समर्थन करणारा लेखक बॅरन द व्हास्ते याचाही अंत झाला. राणी आणि दोन मुली पुढे इंग्लंडमार्गे इटलीत गेल्या. तेरा-चौदा वर्षे टिकलेली एक राज्यव्यवस्था अशा रीतीने अवघ्या काही दिवसांत संपुष्टात आली.

राजवट संपली, पण तिच्याविषयीचा वाद मात्र संपला नाही. क्रिस्तॉफ हा गुलामगिरीतून उठून राज्य उभारणारा आणि काळ्या माणसाची कर्तबगारी जगाला दाखवून देणारा निर्माता होता, असे एक परंपरा मानते. त्याने मुक्त झालेल्या लोकांना पुन्हा वेठीला धरले, सबब तो जुलमी हुकूमशहाच होय, असे दुसरी परंपरा मानते. तिसरी परंपरा साहित्याची आहे. ती त्याला शोकात्म नायक ठरवून पहिल्या दोन परंपरांतील विरोध एका भव्य व्यक्तिमत्त्वात विरघळवून टाकते. या तिन्ही परंपरांचे एकमेकींशी कितीही भांडण असले तरी एका बाबतीत त्यांचे मतैक्य आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. तिन्हींच्या केंद्रस्थानी राजा आहे. ज्यांच्या श्रमावर हे राज्य उभे होते त्यांना या वादात संख्या म्हणून स्थान मिळते, पार्श्वभूमी म्हणूनही मिळते. नाव मात्र क्वचितच मिळते. म्हणून क्रिस्तॉफच्या वारशाचा प्रश्न हा गुणदोषांच्या ताळेबंदाचा प्रश्न राहत नाही. तो संहितांनी कोणाला नाव दिले आणि कोणाला दिले नाही, याचा प्रश्न होतो. आणि म्हणूनच तो इतिहासकाराइतकाच साहित्यसमीक्षकाचाही आहे.

२

प्रथम काही तथ्ये नोंदविणे आवश्यक आहे. क्रिस्तॉफचा जन्म १७६७ मधला. बहुतेक अभ्यासक तो ग्रेनाडा बेटावर झाला असे मानतात. साँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीत १७९१ मध्ये गुलामांचा उठाव झाला. पुढे तूसाँ लूव्हेर्त्यूरच्या सैन्यात क्रिस्तॉफ सेनापतिपदापर्यंत पोहोचला. फेब्रुवारी १८०२ मध्ये नेपोलियनने धाडलेले आरमार ल काप या शहरासमोर येऊन ठाकले, तेव्हा ते शहर शत्रूच्या हाती देण्याऐवजी क्रिस्तॉफने जाळून टाकले. परंतु त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये तो फ्रेंचांना शरण गेला, काही महिने त्यांच्या बाजूने लढला आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा स्वातंत्र्यवाद्यांच्या गोटात आला. या मधल्या काही महिन्यांकडे पुढे पुन्हा वळावे लागणार आहे.

१ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. १८०६ मध्ये देसालिन या पहिल्या राज्यकर्त्याची हत्या झाली आणि देश दुभंगला. दक्षिणेत आलेक्सांद्र पेतियोंचे प्रजासत्ताक आणि उत्तरेत क्रिस्तॉफची सत्ता, अशी विभागणी झाली. १८११ मध्ये क्रिस्तॉफने स्वतःस राजा म्हणून अभिषेक करविला, सरदारवर्ग निर्माण केला आणि १८१२ मध्ये स्वतःच्या नावाने एक विधिसंहिता जारी केली. या संहितेतील शेतीविषयक कायदा हा आपल्या चर्चेच्या दृष्टीने कळीचा आहे. उत्पन्नाचा चौथा हिस्सा मळ्यावरील कष्टकऱ्यांचा, आजारी आणि वृद्ध मजुरांच्या देखभालीची जबाबदारी मालकाची, अशा तरतुदी त्यात होत्या. कामाचा दिवस पहाटेपासून सूर्यास्तापर्यंतचा होता आणि मधल्या विश्रांतीच्या वेळाही ठरवून दिलेल्या होत्या. मळा सोडून इच्छेप्रमाणे अन्यत्र जाण्याची मुभा मात्र मजुराला नव्हती, आणि या शिस्तीवर लष्करी पहारा होता. मनुष्य कोणाच्याही मालकीचा नव्हता, तरी तो आपल्या श्रमाचा धनीही नव्हता.

ही व्यवस्था केवळ क्रिस्तॉफच्या राजेशाही स्वभावातून उपजली, असे मानणे सोयीचे असले तरी ते टिकणारे नाही. ऑक्टोबर १८०० मध्ये तूसाँने काढलेल्या फर्मानाने शेतमजुरांना सैनिकांच्या शिस्तीने मळ्यांशी बांधून टाकले होते. क्रिस्तॉफच्या मृत्यूनंतर देश एकत्र करणाऱ्या झाँ-पिएर ब्वायेने, प्रजासत्ताकाचा अध्यक्ष असूनही, १८२६ च्या ग्रामीण संहितेने तोच प्रयत्न केला. पेतियोंने १८०९ पासून जमिनी वाटल्या हे खरे. परंतु १८१६ च्या घटनेने तो तहहयात अध्यक्ष झाला हेही खरे. त्याचा वारस ब्वाये १८४३ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे सत्तेवर राहिला. मुकुट असेल तेथे हुकूमशाही आणि अध्यक्षपद असेल तेथे लोकशाही, ही वाटणी हैतीच्या बाबतीत लागू पडत नाही.

निर्यातीसाठी साखर आणि कॉफी पिकविणारे मळे चालू राहिले तरच राज्याला तोफा आणि दारूगोळा मिळेल, अन्यथा फ्रान्स परत येईल, असा या राज्यकर्त्यांचा हिशेब होता. ही भीती काल्पनिक नव्हती. १८१४ मध्ये फ्रान्सने पाठविलेला मेदिना नावाचा हस्तक क्रिस्तॉफच्या हाती लागला. त्याच्याजवळच्या गुप्त सूचनांवरून जुनी व्यवस्था परत आणण्याचा फ्रेंच मनसुबा उघड झाला, आणि क्रिस्तॉफने ती कागदपत्रे छापून प्रसिद्ध केली. त्याच वर्षी पेतियोंने फ्रान्सला नुकसानभरपाई देण्याची तयारी दर्शविली होती. क्रिस्तॉफने अशा तडजोडीस ठाम नकार दिला. १८२५ मध्ये दहाव्या चार्ल्सच्या फर्मानानुसार ब्वायेने १५ कोटी फ्रँकची भरपाई मान्य केली. १८३८ मध्ये ही रक्कम घटवून ९ कोटींवर आणली गेली खरी, पण तिच्यापोटी काढलेल्या कर्जांचे ओझे हैतीने १९४७ पर्यंत वाहिले. ज्याला आपण हुकूमशहा म्हणतो त्याने ही खंडणी नाकारली आणि ज्यांना आपण उदार म्हणतो त्यांनी ती पत्करली. क्रिस्तॉफच्या वारशाचा कोणताही विचार या विसंगतीला बगल देऊन पुढे जाऊ शकत नाही.

३

क्रिस्तॉफविषयीची पहिली महत्त्वाची संहिता त्याच्याच दरबारात तयार झाली. १८१४ मध्ये प्रसिद्ध झालेले व्हास्तेचे ‘वसाहतव्यवस्थेचा पर्दाफाश’ हे पुस्तक वसाहतवादाच्या चिकित्सेतील एक आद्य ग्रंथ होय. वसाहत ही काही दुष्ट मालकांच्या क्रौर्याची गोष्ट नसून ती एक व्यवस्था आहे, हा विचार व्हास्तेने इतक्या स्पष्टपणे मांडला की विसाव्या शतकातील वसाहतवादविरोधी लेखनाशी त्याचे नाते सहज जाणवते. त्याची लेखनपद्धतीही लक्षणीय आहे. साँ-दोमँगमधील मळेवाल्यांची नावे देऊन तो त्यांच्या अत्याचारांची नोंद करतो. नाव घेणे ही त्याच्या लेखी साक्षीची कृती आहे.

परंतु मालकांची नावे घेणारी ही लेखणी स्वतःच्या राजाच्या मळ्यांवर आणि किल्ल्यावर राबणाऱ्यांपाशी आली की सामान्यनामांवर येते. तेथे ‘लोक’ असतात, ‘शेतकरी’ असतात, राजाची कृतज्ञ प्रजा असते. व्हास्ते अप्रामाणिक होता असे यावरून म्हणता येणार नाही. युरोपसमोर काळ्या राज्याची बाजू मांडताना राज्याच्या अंतर्गत विरोधांना जागा देणे त्याला परवडणारे नव्हते. तथापि ज्या प्रश्नाने त्याने वसाहतव्यवस्थेला उघडे पाडले, तो प्रश्न त्याच्याच संहितेला विचारावा लागतो. मार्लीन दोत यांच्या २०१७ मधील अभ्यासामुळे व्हास्ते हा विचारवंत म्हणून पुन्हा चर्चेत आला, ही स्वागतार्ह घटना आहे. म्हणूनच त्याचे वाचन गौरवापाशी थांबू नये.

दुसऱ्या बाजूची संहिता दक्षिणेतील प्रजासत्ताकाच्या परंपरेतून आली. तोमा मादिऊ आणि बोब्रँ आर्दुएँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हैतीचे बहुखंडी इतिहास लिहिले. आर्दुएँचे अकरा खंड १८५३ ते १८६० या काळात प्रसिद्ध झाले. या ग्रंथांखेरीज हैतीचा इतिहास लिहिणेच अशक्य आहे. परंतु आर्दुएँ हा पेतियों-ब्वाये राजवटीच्या वर्तुळातला होता. त्याच्या कथनात उत्तरेचा राजा हा जुलमाचे मूर्तिमंत रूप म्हणून उभा राहतो आणि दक्षिणेचे प्रजासत्ताक त्या तुलनेत उजळून निघते. येथेही मजूर आहे, पण तो राजाविरुद्धच्या आरोपपत्रातील पुरावा म्हणून आहे. १८२६ च्या ग्रामीण संहितेखाली तोच मजूर पुन्हा बांधला गेला, तेव्हा तो आरोपपत्रातून नाहीसा होतो.

तिसरा आवाज युरोपीय उपहासाचा. क्रिस्तॉफच्या सरदारांत ‘लिमोनादचा काउंट’ आणि ‘मार्मलादचा ड्यूक’ होते, ही गोष्ट युरोपात शतकभर विनोदाचा विषय झाली. काळ्या माणसांनी सरबत आणि मुरंब्याची नावे धारण करून सरदार व्हावे, यात हसणाऱ्यांना मोठी गंमत वाटत असे. वस्तुतः लिमोनाद आणि मार्मलाद ही तेथील गावांची नावे आहेत आणि ती फ्रेंच वसाहतकाळापासूनची आहेत. गावाच्या नावाने सरदारकी देण्याची रीतही युरोपाचीच. स्वतः ठेवलेल्या नावाला युरोप दुसऱ्याच्या अंगावर पाहून हसत होता. नावाचे राजकारण किती खोलवर जाते याचे हे एक लहान पण बोलके उदाहरण होय.

४

क्रिस्तॉफच्या वारशाचे सर्वांत दृश्य रूप म्हणजे मिलो गावाच्या वर, सुमारे ९०० मीटर उंचीच्या शिखरावर उभा असलेला किल्ला. त्याचे बांधकाम देसालिनच्या काळात सुरू झाले आणि क्रिस्तॉफच्या मृत्यूपर्यंत चालू राहिले. हा किल्ला, साँ-सूसी राजवाड्याचे अवशेष आणि शेजारील रामिए येथील इमारती यांचा १९८२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. १८४२ च्या भूकंपात राजवाडा कोसळला, पण किल्ला मात्र उभा राहिला. हैतीच्या शंभर गूर्दच्या नोटेवर राजा आणि त्याचा किल्ला दोघेही विराजमान आहेत. ज्या लिमोनादला त्याला पक्षाघात झाला तेथे २०१० च्या भूकंपानंतर उभारलेल्या विद्यापीठ-परिसरालाही त्याचेच नाव देण्यात आले. एप्रिल २०२० मध्ये मिलोच्या जुन्या राजचर्चचा घुमट आगीत भस्मसात झाला, तेव्हा त्या हानीचे दुःख राष्ट्रीय दुःख म्हणूनच व्यक्त झाले. राष्ट्राने राजाला स्वीकारले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आता या किल्ल्याविषयीच्या लेखनातील एका आकड्याकडे पाहावे. प्रवासवर्णनांत, पर्यटनपुस्तिकांत आणि लोकप्रिय इतिहासांत २०,००० ही संख्या वारंवार भेटते. काही ठिकाणी ती बांधकामावर राबलेल्या मजुरांची संख्या असते. काही ठिकाणी तीच संख्या बांधकामात मेलेल्यांची होते. राबलेले आणि मेलेले यांत फरक न उरावा, यातच या संहितांचे स्वरूप प्रकट होते. आकडा येथे गणनेसाठी नाही. तो अलंकारासाठी आहे. राजाच्या चाहत्याला तो भव्यतेचे माप पुरवितो आणि निंदकाला क्रौर्याचे. दोघांनाही त्यातील एकाही माणसाची गरज भासत नाही.

५

विसाव्या शतकात क्रिस्तॉफ साहित्याच्या स्वाधीन झाला. यूजीन ओनीलचे ‘सम्राट जोन्स’ हे नाटक १९२० मध्ये आले. त्यातील चांदीच्या गोळीची कल्पना हैतीच्या राज्यकर्त्यांविषयीच्या दंतकथांतून उचललेली आहे. १९२८ मध्ये जॉन व्हॅन्डरकुक या अमेरिकन लेखकाचे क्रिस्तॉफचे रोमांचक चरित्र गाजले. या साहित्याचा काळ ध्यानात घेण्याजोगा आहे. १९१५ ते १९३४ हैती अमेरिकन लष्कराच्या ताब्यात होता आणि रस्तेबांधणीसाठी तेथील शेतकऱ्यांना वेठीला धरण्यात येत होते. त्या वेठीविरुद्ध शार्लमान पेराल्तच्या नेतृत्वाखाली उठाव झाला आणि १९१९ मध्ये पेराल्त मारला गेला. ज्या काळात अमेरिकन वाचक शंभर वर्षांपूर्वीच्या वेठीवर उभ्या राहिलेल्या किल्ल्याने भारावून जात होता, त्याच काळात त्याच भूमीवर त्याचेच सैन्य वेठ घेत होते. भूतकाळातील हुकूमशहाचे अद्भुतीकरण वर्तमानातील हुकमतीला कसे झाकते, हे येथे दिसते.

कॅरिबियन लेखकांनी हा विषय हाती घेतला तेव्हा चित्र पालटले. आलेहो कार्पेंतिएरने १९४३ मध्ये हैतीला भेट दिली आणि १९४९ मध्ये ‘या जगाचे राज्य’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्या प्रस्तावनेतील ‘अद्भुत वास्तवा’ची संकल्पना समीक्षेत एवढी चर्चिली गेली की कादंबरीतील एक साधी रचनात्मक गोष्ट काहीशी मागे पडली. ती म्हणजे कथानकाच्या केंद्रस्थानी राजा नाही. ती नोएल हा म्हातारा गुलाम आहे. मुक्त माणूस म्हणून परत आलेल्या ती नोएलला पकडून किल्ल्यासाठी विटा वाहावयास लावतात, आणि आता मालक आपल्याच वर्णाचा आहे ही गोष्ट त्याला चाबकाहून अधिक जाचक वाटते. २०,००० या आकड्यातील एका माणसाला येथे नाव मिळाले. इतिहासाने जे केले नव्हते ते कल्पिताने केले.

मात्र त्याची किंमतही मोजावी लागली. कार्पेंतिएरच्या कादंबरीत तूसाँ आणि देसालिन यांना जवळजवळ स्थानच नाही. गुलामांच्या राजकीय कर्तृत्वाचा कालखंड गाळून कथा एका जुलमातून दुसऱ्या जुलमात जाते. इतिहास चक्राकार होतो. मजुराला नाव मिळाले, पण त्याच्या हातून इतिहास निसटला.

डेरेक वॉलकॉटचा प्रवास या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. १९४९ मध्ये, ऐन एकोणिसाव्या वर्षी, त्याने ‘आँरी क्रिस्तॉफ’ हे पद्यनाटक लिहिले. एलिझाबेथकालीन आणि त्यानंतरच्या इंग्रजी नाटकाच्या उदात्त शैलीत त्याने राजाचा उत्कर्ष आणि पतन रंगविले. भाषेच्या या झुलीत मजुराला शिरकाव नव्हता. पुढे १९८४ मध्ये त्याच इतिहासावर त्याने ‘हैतीची माती’ हे दुसरे नाटक लिहिले आणि पॉम्पी व येट ही दोन सामान्य माणसे सेनापतींच्या आणि राजांच्या बरोबरीने रंगमंचावर आणली. दोन नाटकांतील पस्तीस वर्षांचे अंतर हे केवळ एका लेखकाच्या विकासाचे अंतर नाही. राष्ट्रांचे स्वातंत्र्य आणि त्यानंतरचा भ्रमनिरास या दोहोंचा अनुभव त्या अंतरात साठलेला आहे.

एमे सेझेरचे ‘राजा क्रिस्तॉफची शोकांतिका’ हे नाटक १९६३ चे, म्हणजे आफ्रिकेतील अनेक देश नुकतेच स्वतंत्र झाले होते त्या काळातले. त्याचा पहिला प्रयोग १९६४ मध्ये साल्झबर्ग येथे झाला आणि १९६६ मध्ये ते दाकार येथील कृष्णवर्णीय कलांच्या महोत्सवात सादर झाले. सेझेरचा क्रिस्तॉफ आपल्या प्रजेकडून इतरांपेक्षा अधिक मागतो, कारण तिला इतरांपेक्षा अधिक खोल खाली ढकलण्यात आले आहे असा त्याचा युक्तिवाद आहे. हा युक्तिवाद वसाहतोत्तर राष्ट्रबांधणीचा गाभा होय. सेझेर त्याला सर्व वक्तृत्व बहाल करतो. परंतु भर दिवसा आपल्या ओसरीत झोपलेल्या एका शेतकऱ्याला पाहून राजा त्याच्यावर तोफ डागतो, तो प्रसंगही त्याच नाटकात आहे.

या प्रसंगाचे वाचन कसे करावयाचे? शोकात्मिकेच्या सिद्धान्तानुसार हा नायकाचा प्रमाद, त्याच्या उन्मत्ततेचे लक्षण. त्या वाचनात तोफेचा आवाज राजाच्या अधःपाताची सूचना देतो आणि आपण राजाविषयी हळहळू लागतो. पण झोपलेल्या शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर ही झोप आळसाची नाही. हैतीचे समाजशास्त्रज्ञ झाँ काझिमीर यांनी ज्याला मळाविरोधी व्यवस्था म्हटले, तिची ती खूण आहे. स्वतःचा जमिनीचा तुकडा, स्वतःचे पीक, स्वतःचे वेळापत्रक हाच कष्टकऱ्याच्या लेखी स्वातंत्र्याचा अर्थ होता. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत दुसऱ्याच्या मळ्यात राबणे यालाच त्याने गुलामगिरी म्हणून ओळखले होते. मालक बदलल्याने तिची ओळख बदलत नव्हती. राजाचे स्वातंत्र्य राज्याचे होते आणि शेतकऱ्याचे स्वातंत्र्य दिवसाचे होते. या दोन कल्पनांची टक्कर हा क्रिस्तॉफच्या इतिहासाचा खरा संघर्ष आहे. सेझेरच्या नाटकाचे श्रेष्ठत्व असे की हा संघर्ष त्यात दिसतो. त्याची मर्यादा अशी की शोकात्मिकेचा आकृतिबंध त्यातील एकाच बाजूला आवाज देतो.

६

या सर्व चर्चेला कलाटणी देणारे पुस्तक म्हणजे मिशेल-रॉल्फ त्रुयो या हैतीत जन्मलेल्या मानववंशशास्त्रज्ञाचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेले, इतिहासातील मौनाविषयीचे पुस्तक. त्यातील एक प्रकरण साँ-सूसी या नावावर आहे. हे नाव राजवाड्याचे म्हणून सर्वांना ठाऊक आहे, आणि प्रशियाच्या फ्रेडरिक राजाच्या पॉट्सडॅम येथील राजवाड्यावरून ते घेतले असे सामान्यतः सांगितले जाते. त्रुयो एका माणसाची आठवण करून देतो. झाँ-बातिस्त साँ-सूसी हा आफ्रिकेत जन्मलेला, गुलाम म्हणून आणलेला, उठावातून कर्नलपदापर्यंत चढलेला लढवय्या होता. १८०२ मध्ये क्रिस्तॉफसह मोठे सेनापती फ्रेंचांना शरण गेले, त्या महिन्यांत हा माणूस डोंगरांत राहून फ्रेंचांशी लढत राहिला. क्रिस्तॉफ परत आला तेव्हा काल शत्रूच्या बाजूने लढणाऱ्याचा हुकूम मानावयास साँ-सूसीने नकार दिला. क्रिस्तॉफने त्याला बोलणीसाठी बोलाविले आणि आपल्या सैनिकांकरवी ठार केले. त्याच उत्तरेत पुढे क्रिस्तॉफने राजवाडा बांधला आणि त्याचे नाव साँ-सूसी पडले.

पराभूत शत्रूचे नाव आपल्या वास्तूला देऊन त्याची स्मृती गिळून टाकण्याचा हा प्रकार असावा, ही शक्यता त्रुयो सुचवितो. हेतू सिद्ध करणे अवघड आहे. परंतु परिणाम आपल्यासमोर आहे. नाव टिकले, पण माणूस पुसला गेला. पुराव्याची निर्मिती, त्याचा संग्रह, कथन आणि अन्वयार्थ या प्रत्येक पायरीवर मौन कसे शिरते, हा त्रुयोचा सिद्धान्त या एका नावात मूर्त होतो. क्रिस्तॉफचे निंदकही या हत्येवर फारसा भर देत नाहीत, कारण राष्ट्राच्या सर्वच संस्थापकांनी डोंगरातल्या आफ्रिकाजात लढवय्यांना दडपले होते. राजेशाही आणि प्रजासत्ताक यांच्यातील वाद स्थानिक जन्माच्या अभिजनांचा आपसातील वाद होता. साँ-सूसीसारखे लोक त्या वादाच्या बाहेरचे होते.

७

तर मग क्रिस्तॉफला हुकूमशहा म्हणावे की नाही? वसाहतोत्तर समीक्षेच्या अभ्यासकाला या प्रश्नात अडचण वाटते, आणि ती अडचण खरी आहे. तो शब्द युरोपीय उपहासाने आधीच बाटविलेला आहे. काळी माणसे स्वतःचे राज्य चालवू शकत नाहीत, या सिद्धान्ताला पुरावा म्हणून क्रिस्तॉफचे नाव शतकभर वापरले गेले. म्हणून एका बाजूला सहानुभूती राजाकडे झुकते. शाळा उभारणारा, ब्रिटिश गुलामगिरीविरोधी नेत्यांशी पत्रव्यवहार करणारा, फ्रान्सला एक फ्रँकही न देणारा राजा समोर ठेवला जातो. मार्लीन दोत यांचे २०२५ मधील विस्तृत चरित्र अशा पुनर्विचाराला भरपूर सामग्री पुरविते. त्याच वर्षी, भरपाईच्या फर्मानाला दोनशे वर्षे पूर्ण झाली असता, फ्रान्सने त्या इतिहासाच्या अभ्यासासाठी संयुक्त आयोग जाहीर केला. अशा वातावरणात खंडणी नाकारणाऱ्या राजाची प्रतिमा अधिक उजळणे स्वाभाविक आहे.

परंतु वसाहतवाद्यांनी एखादा शब्द बाटविला म्हणून तो सोडून द्यावयाचा, तर त्या शब्दाची सर्वाधिक गरज ज्यांना होती त्यांनाच आपण निःशब्द करतो. क्रिस्तॉफच्या हुकमतीला ‘हुकूमशाही’ असे पहिले नाव कोणी दिले? ते युरोपीय वृत्तपत्रांनी दिले नाही आणि आर्दुएँनेही दिले नाही. ज्यांनी मळा सोडून डोंगर गाठला, जे हद्द ओलांडून दक्षिणेत गेले, ज्यांनी १८२० मध्ये राजाविरुद्ध बंदुका फिरविल्या, त्यांनी ते आपल्या कृतीने दिले. त्यांची साक्ष लिखित नाही, म्हणून ती साक्षच नाही असे मानणे हा समीक्षेचा प्रमाद ठरेल. हा शब्द त्यांच्या वतीने वापरला तर तो पेतियोंला निर्दोष ठरवीत नाही, ब्वायेच्या ग्रामीण संहितेला झाकत नाही आणि फ्रान्सच्या खंडणीला न्याय्य करीत नाही. उलट तो या सर्वांना एकाच प्रश्नासमोर उभे करतो : मुक्त झालेल्या माणसाचा दिवस कोणाच्या मालकीचा होता?

या प्रश्नाच्या प्रकाशात मूल्यमापनाची दिशा बदलते. क्रिस्तॉफने फ्रान्सला नाकारलेली किंमत त्याने आपल्या प्रजेकडून श्रमाच्या रूपाने वसूल केली. ब्वायेने ती पैशाच्या रूपाने फ्रान्सला दिली आणि तीही अखेर त्याच प्रजेच्या कॉफीतून. दोन्ही हिशेबांत देणारा एकच होता. वसाहतवादाने नव्या राष्ट्रापुढे ठेवलेला हा पेच क्रिस्तॉफने निर्माण केला नव्हता. पण त्या पेचातून कोणाला भरडून निघावयाचे याचा निर्णय मात्र त्याचा होता, आणि तो निर्णय त्याने भरडल्या जाणाऱ्यांना न विचारता घेतला. परिस्थितीचे समर्थन आणि निर्णयाची जबाबदारी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या, तरच त्याच्या कर्तबगारीचा गौरव आणि त्याच्या जुलमाची नोंद एकाच वेळी शक्य होईल.

साहित्याच्या अभ्यासकासाठी यातून एक पद्धतीविषयक सूत्र हाती लागते. वारशाविषयीच्या संहिता वाचताना नायकाचे चित्रण अनुकूल आहे की प्रतिकूल, हा दुय्यम प्रश्न होय. त्या संहितेत विशेषनामे कोणाला आहेत आणि सामान्यनामांवर कोणाची बोळवण झाली आहे, हे आधी पाहावे लागेल. व्हास्तेच्या ग्रंथात मळेवाल्यांना नावे आहेत, आर्दुएँच्या खंडांत सेनापतींना आहेत, चलनी नोटेवर राजाला आहे. मजुराला पहिले ठसठशीत नाव मिळते ते १९४९ मधील एका कादंबरीत, आणि तेही कल्पित. ज्याचे नाव खरे होते तो झाँ-बातिस्त साँ-सूसी राजवाड्याच्या नावाखाली दबून गेला आहे. मिलोच्या त्या भग्न वास्तूचा उल्लेख आज कोणीही केला तरी नकळत त्याच्याच नावाचा उच्चार करतो. तो उच्चार जाणतेपणी व्हावा, एवढे काम समीक्षेला निश्चितच करता येईल.